एक कोटी एक

मुलगी पाहायला आम्ही कुकटपल्लीला गेलो, आई आणि मी. मी दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये गणित शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर. बसमध्ये आईने एकच सांगितलं होतं, "तिथं शिकवू नको." तिला हे स्थळ मनापासून हवं होतं, आणि फोटो पाहिल्यापासून मलाही.

पोहे झाले. पाहुण्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून मुलीच्या मामांनी पाकीट काढलं. बेगम बाजारात त्यांचा मसाल्याचा ठोक व्यापार. म्हणाले, "एक हजार एक आहेत. आमच्याकडे शुभ कामात वरचा एक लागतोच. का सांगा सर? भाग जात नाही. जोडी तुटत नाही."

मी नुसती मान हलवायला हवी होती. पण आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गुरुजींनी चुकीच्या गणितापुढे गप्प बसू नये असं शिकवलं होतं, आणि त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

"जातो," मी म्हणालो. "सातने जातो, अकराने जातो, तेरानेही जातो."

आईने माझ्या पायावर पाय दिला. मामा पाकीट हातात धरूनच बसले.

"मग एक लाख एक?"

"अकराने जातो."

"मामा, छोटी नक्को," समोर बसलेली मुलगी पहिल्यांदाच बोलली. "एक कोटी एक द्या यांना."

एक, मध्ये सहा शून्यं, पुन्हा एक. एकाआड एक आकडे घेऊन दोन बेरजा करायच्या. त्या सारख्या आल्या, की संख्या अकराच्या पाढ्यातली. इथं दोन्हीकडे एकच येत होता. "हीसुद्धा अकराने जाते. उत्तर नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव."

"सर," मामा म्हणाले, "तुम्ही लग्न जमवायला आलात का मोडायला?"

ती हसली नाही. "आणि त्या नऊ लाखवाल्याला कशाने जातो?"

मी मनात भागत गेलो. दोन, तीन, पाच, सात, तेरा. दरवेळी बाकी एकच, जणू मामांचाच वरचा एक. अकराने मात्र सात उरले. "खात्रीने सांगायचं तर साडेनऊशेच्या थोडं पुढपर्यंत सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. इथं बसून नाही व्हायचं."

"मग रविवारी या सांगायला," ती म्हणाली.

आईने माझ्या पायावरचा पाय काढला.

आठवडाभर सेंटरमध्ये दोन तासिकांच्या मधल्या वेळात मी भागाकार करत होतो. रविवारी सांगितलं, "कशानेच जात नाही. मूळ संख्या आहे."

"माहितेय," ती म्हणाली. "तुम्ही जिना उतरत होता तेव्हाच मोबाइलवर पाहिलं."

"मग मला बोलावलं कशाला?"

"हौ, आता हेपण आम्हीच शिकवायचं," मामा म्हणाले आणि त्यांनी नवं पाकीट पुढे केलं. "एकशे एक आहेत. याला तरी नाही ना जात?"

उत्तर मला पाठ होतं. तरी एकदा मनात भागून पाहिलं, मगच नाही म्हणालो.