कालचा हिरवा

आमची पोस्टिंग काश्मीरमध्ये होती. मी नायब सुभेदार होतो आणि लान्स नाईक विलास माझ्या प्लाटूनचा स्काउट, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारा. तो हमरापूरचा. घरी गणपतींचा कारखाना. भरतीआधी तो वडिलांच्या हाताखाली मूर्ती रंगवायचा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि जाणत्या हातानेच होते. ती बाबांनी आपल्याला कधी करू दिली नाही, ही त्याची नेहमीची तक्रार.

त्या सकाळी एका नाल्याकाठी सर्च चालू होता. विलासने हात वर करून आम्हाला थांबवले. समोर नुसती झुडपे होती.

“साहेब, तो हिरवा कालचा हाय.”

मी दुर्बीण लावली. एका झुडपाची पाने किंचित मलूल होती. फांद्या तोडून रोवल्या होत्या. आम्ही आडवे होतो न होतो तोच त्या झुडपामागून फायर आला. विलास सर्वांत पुढे होता.

“कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर,” मी वायरलेसवर कळवले.

“वेट. आउट,” तळावरून उत्तर आले.

आम्ही थांबलो. हेलिकॉप्टर आले तेव्हा तो गेला होता. बाकी सगळे परतलो.

यंदा त्याच्या गावातल्या मंडळाने विलासचा अर्धपुतळा बसवायचे ठरवले. काम अर्थातच त्याच्या वडिलांकडे, भिकाजीकाकांकडे आले. त्याच सुमारास एक ऐतिहासिक युद्धपट लागला होता. मंडळाने काकांना तो पाहायला पेणला नेले, निवृत्तीनंतर रोह्याला राहणाऱ्या मलाही बोलावून घेतले. पडद्यावर आपले सगळे भगव्यात, शत्रू सगळे काळ्या-हिरव्यात. धुळीतसुद्धा कोण कुणाचा ते लांबून कळत होते. लोक शिट्ट्या मारत होते.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “दुश्मन असा रंगावरून कळला असता, तर माझा पोर घरी असता.”

मंडळाच्या अध्यक्षांनी ते ऐकले नाही. पुतळ्याला सिनेमातल्यासारखा भगवा फेटा हवा, असे ते सांगत होते. युनिफॉर्मचा हिरवा त्यांना मळकट वाटत होता, शिवाय हिरवा कशाला, असेही ते म्हणाले.

“तो त्याच हिरव्यात मेला,” काका म्हणाले. “मी तोच लावणार.”

मी माझा जुना युनिफॉर्म कारखान्यात नेऊन दिला. काकांनी तो शेजारी टांगून रंग कालवला. पुसला, पुन्हा कालवला. खांद्यावर उन्हाने विटलेला हिरवा वेगळा, कॉलरच्या आतला वेगळा. दोन्ही त्यांनी जुळवले. आखणी अखेरीस केली. त्या वेळी मला बाहेर बसायला सांगितले.

अनावरणाच्या दिवशी पडदा बाजूला झाला तेव्हा मंडळाने पुतळ्याला भगवा फेटा बांधलेला होता. खांद्यावर भगवा शेला, त्यावर झेंडूचे हार. पाहुणे त्या सिनेमाबद्दलच बोलले. काकांचा हिरवा बोटभरही दिसत नव्हता.

मी सॅल्यूट केला. फेट्याखाली डोळे तेवढे उघडे राहिले होते. पलीकडच्या झाडांवर रोखलेले.