सायलेन्सरची झडप
गॅरेजसमोर तापलेल्या सायलेन्सरचा जळका वास आला की मला अकोल्यातली मे महिन्यातली एक दुपार आठवते. बासष्टच्या सुमाराची असावी. मोठ्या भावाने जुनी, दोनच सीटची रेसची गाडी घेतली होती. धूर सायलेन्सरला वगळून सरळ बाहेर पडावा आणि इंजिनाला जोर यावा, म्हणून आम्ही सकाळपासून तिच्याखाली पडून नळीवर झडप बसवत होतो. सीटजवळची तार ओढली की ती उघडायची, सोडली की मिटायची. शेवटचा नट आवळला तोच वहिनी दारात आली. तीन रात्रींच्या तापानंतर बाळाचा डोळा लागला होता. तिचा लागलाच नव्हता. "गाडीले आवाज पाहिजे अन् पोराले झोप. एका अंगणात दोन्ही नाही जमत," ती म्हणाली. भावाला दम धरवेना, म्हणून आम्ही गाडी ढकलत दर्यापूर रस्त्याने वस्तीबाहेर नेली. तिथे गाडी चालू करून झडप उघडताच ती अशी गरजली की भाऊ पोरासारखा हसला. पण तापलेली झडप अडकली, मिटेचना. "आता हिले घरी कशी न्याची?" मी विचारलं. "आणली तशी," तो म्हणाला. झडप निवेपर्यंत थांबायला कुठे सावलीही नव्हती. गाडी ढकलत, घामाने निथळत परत आलो. "काहून, चालू नाही झाली का?" वहिनीने दबक्या आवाजात विचारलं. "नाही झाली. झोप तू," भाऊ म्हणाला आणि ती खरंच झोपली. त्या गाडीपायी आमची एक दुपार फुकट गेली, असं ती अजूनही सांगते. एरवी मी कुणाचीही चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतो. तिच्यापुढे नुसती मान डोलावतो.