टॅपेटची टकटक

गाडी थंड असली की शहाण्यासारखी वागायची. तापली की अंगात यायचं.

सकाळी ताई गाडी गॅरेजवर आणायची. मिस्त्री, तिचा भाऊ, बॉनेट उघडून कान लावायचा. चारही सिलिंडर एका तालात. तो हात पुसत म्हणायचा, "हिला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे."

"डॉक्टरसमोर ताप उतरतो, तसलं आहे हे," ताई म्हणायची. "दुपारी ये. ह्यांना घेऊन लांब गेले की बघ कशी आचके देते ते."

दुपारी तो शेजारच्या गल्लीतल्या ताईच्या घरून त्यांच्यासोबत बसायचा. पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी सरळ जायची. टाकी ओलांडली की पहिला आचका. मग दुसरा. मग अख्खी गाडी उचकी लागल्यासारखी. आणि पुढच्या सीटवर बसलेले भाऊजी गप्प व्हायचे.

भाऊजी गप्प होणं ही काय चीज आहे, ते कळायला थोडं मागे जायला हवं.

गाडी भाऊजींचीच. ते औषधं विकायचे. दवाखान्यांतून, गावोगाव, उभा जन्म. ही गाडी त्यांचं ऑफिस होती. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला एक चौकोन गुळगुळीत झाला होता. नमुन्यांची पेटी तिथे घासून घासून. बोलणं हा त्यांचा धंदा. लग्नात पंगत बसली की हे उभे, आणि वाढपी हसून हसून खाली. मग एक दिवस झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

डॉक्टरांनी सांगितलं, बोलत राहा त्यांच्याशी. ताई बोलत राहिली. तिने घरभर कागद चिकटवले. खिडकीवर 'खिडकी', कपाटावर 'कपाट', माठावर 'पाणी'. भाऊजी त्या कागदांकडे बघायचे. दुसऱ्याच्या पत्राकडे बघावं तसं.

ताई पन्नाशीनंतर गाडी शिकली. भावाकडूनच. घरात बसून दोघंही कुजतील म्हणून एका दुपारी तिने नवऱ्याला कसंबसं पुढच्या सीटवर बसवलं आणि बाजाराच्या रस्त्याला लागली. संध्याकाळी मिस्त्रीला फोन.

"अरे, हे बोलले!"

"काय बोलले?"

"चपला."

"काय?"

"चपला रे! दुकानाची पाटी वाचली. मग म्हणाले, किल्ल्या. मग म्हणाले, दंतवैद्य."

मिस्त्री हसला. डोळे पुसत हसला. "एवढ्या दिवसांनी तोंड उघडलं, ते दंतवैद्यासाठी? तुझं नाव घ्यायचं ना."

"माझी पाटी कुठे आहे रस्त्यात?" ताई म्हणाली. तीही हसत होती.

तेव्हापासून रोज दुपारी गाडी निघायची. घरी एक शब्द नाही. गाडीत पाट्या. दुसरी गाडी चालायची नाही. एकदा टॅक्सी बोलावली, तर भाऊजींनी दार धरलं ते सोडलंच नाही. शेजाऱ्यांनी आपली नवी गाडी दिली. तिच्यात ते थरथरत बसले आणि कपडे ओले झाले. डॅशबोर्डवरचा तो गुळगुळीत चौकोन समोर असला, की डावा हात त्यावर जायचा आणि जीभ सुटायची. कशी, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

आवाज मात्र अगदी बारीक झाला होता. जुना कागद उलगडावा तसा. आणि गाडीचं इंजिन टकटक करायचं.

"तेवढी टकटक काढ ना रे," ताई म्हणाली. "ह्यांचे निम्मे शब्द त्यात जातात."

मिस्त्रीला गॅरेजच्या ओळीत सगळे चिडीचूप मिस्त्री म्हणायचे. त्याच्या हातचं इंजिन मांजरासारखं चालतं, असा लौकिक होता. गिऱ्हाईक बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवून बघायचं. पाणी हलायचं नाही. मिस्त्री तोंडाने काही म्हणायचा नाही, पण त्या वेळी त्याची मान जरा ताठ व्हायची.

ती टकटक टॅपेटची होती. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. लोखंड तापलं की वाढतं. त्याला वाढायला जागा लागते. टकटक म्हणजे त्या जागेचा आवाज. फट कमी केली की आवाज कमी होतो. हे मिस्त्रीला माहीत होतं. फार कमी केली तर काय होतं, तेही माहीत होतं.

त्याने टॅपेट जरा आवळले. ताई चक्कर मारून आली. "अजून येतोय रे."

त्याने आणखी आवळले.

त्या दुपारी तोही मागे बसला. गाडी चालू आहे की बंद, कळत नव्हतं. भाऊजींचा शब्द नि शब्द ऐकू येत होता. "शिवणकाम," भाऊजी म्हणाले. "काचा बसवून मिळतील." ताईने आरशातून भावाकडे बघितलं. तिचा चेहरा लग्नाआधीचा झाला होता. मिस्त्रीने तोंड खिडकीकडे फिरवलं. एवढं चांगलं काम आपल्या हातून आजवर झालं नाही, असं त्याला वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात मिसिंग, म्हणजे इंजिनाचे ते आचके, सुरू झालं.

गाडीने आचका दिला की भाऊजींचा हात चौकोनावरून उचलला जायचा. हवेतच राहायचा. नंतर इंजिन सावरलं तरी परतीच्या सगळ्या रस्त्यात एक पाटी वाचली जायची नाही. हळूहळू ते निघतानाही वाचेनासे झाले. पुढे काय होणार, ते ठाऊक असल्यासारखे.

मिस्त्रीने प्लग बदलले. थंड गाडी छान चालली. ताई म्हणाली, "झाली बघ!" टाकीपाशी आचका.

त्याने प्लगच्या वायरी बदलल्या. मग कॉइल, कारण कॉइल तापली की दगा देते. कार्बोरेटर उघडून तोंडाने फुंकून साफ केला. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली. प्रत्येक वेळी सकाळी आशा आणि दुपारी ती पाण्याची टाकी.

मग त्याने जुनी रीत धरली. इंजिन तापू दिलं, आचके सुरू झाल्यावर एकेका प्लगची वायर काढली. पहिली काढली, इंजिन बसलं. लावली, उठलं. दुसरी, तसंच. चौथी, तसंच. तिसरी काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही. आहे तसंच अडखळत राहिलं. म्हणजे तिसरा सिलिंडर गरम झाला की मरतो. ठिणगी पोचते, पेट्रोल पोचतं. मग राहतं काय?

समोरच्या शेडमधला लेथवाला त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो बिडी विझवत आला.

"टॅपेट बघितलेस?"

"मीच बांधलेत ते."

"म्हणून तर विचारतोय."

"अरे, माझ्या टॅपेटला कोणी नाव ठेवलंय आजवर?"

"चष्मा डोक्यावर ठेवून घर धुंडाळतोयस, चिडीचूप," लेथवाला म्हणाला. "अख्खी गाडी सोलून झाली. तुझा हात लागलेलं तेवढं सोडून."

"पेट्रोलमध्ये भेसळ आहे," मिस्त्री म्हणाला.

लेथवाला नवी बिडी पेटवून आपल्या शेडकडे परत गेला. ते जास्त लागलं.

मिस्त्री दोन पंपांचं पेट्रोल घालून बघत बसला. त्यात आणखी दिवस गेले. गाडी त्या अवस्थेत रोज धावत होती. ताई थांबायला तयार नव्हती. "टाकीपर्यंत तरी काही बोलतील," म्हणायची.

शेवटी एका दुपारी त्याने तापल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं. थंड असताना बघितलं होतं तेव्हा चारही बरे होते. आता तिसऱ्यावर काटा जागचा हललाच नाही. मीटर झटकून पुन्हा लावलं. तेच.

इंजिन निवल्यावर त्याने टॅपेटचं झाकण उघडलं. फिलर गेज घेतला. पातळ पोलादी पट्ट्यांचा छोटा पंखा असतो तो. पट्टी फटीत सरकवून अंदाज घ्यायचा. तिसऱ्याच्या फटीत पट्टी जाईना. त्याहून पातळ घेतली. जाईना. सगळ्यात पातळ, कागदासारखी, तीही जाईना. व्हॉल्व्ह तापून वाढत होता, त्याला जागा नव्हती. म्हणून तो पुरता मिटतच नव्हता. उघड्या दारातून जाळ बाहेर जात होता. रोज दुपारी. ताई आशेने गाडी हाकत असताना.

त्याने हेड, इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. व्हॉल्व्हची कड कुरतडलेल्या बिस्किटासारखी झाली होती. ज्या जागी तो बसतो तिथून एक काळी रेघ निघाली होती. लेथवाल्याने रॉकेलचा बोळा फिरवला. रेघ ओली होऊन लांब दिसायला लागली. पार पाण्याच्या वाटेपर्यंत.

"चीर आहे," लेथवाला म्हणाला.

"भरता येईल?"

"आज भरीन. उद्या उघडेल. ओतीव बीड आहे हे, डाग धरत नाही." मग जरा थांबून, "दुसरं हेड बघ."

कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. मिस्त्रीने भंगारची आवारं पालथी घातली. एक हेड मिळालं, त्यालाही तिथेच चीर. दुसरं मिळालं, ते बसेना. "अख्खं इंजिनच दुसरं टाकू," तो म्हणाला. लेथवाला गाडीखाली गेला आणि बाहेर आला तो हातात सांगाड्याच्या गंजाचे पापुद्रे घेऊन. "कशावर बसवतोस? हवेवर?"

तरी लेथवाल्याने चीर भरून दिली. नवा व्हॉल्व्ह कुठूनसा मिळवून, घासून बसवला. मिस्त्रीने सगळं जोडलं. टॅपेटची फट नेमकी ठेवली, केसाएवढी. गाडी चालू झाली. टकटक परत आली.

ताईला ती ऐकू आली. ती भाऊजींना आणायला जिन्याकडे वळली. भाऊजींना दोघांनी धरून बसवलं. त्यांचा डावा हात चौकोनावर गेला. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली. चपलांचं दुकान दिसायला लागलं. भाऊजींनी मान वर केली. ओठ विलगले.

इंजिनाने आचका दिला. ओठ मिटले. बॉनेटखालून वाफ आली.

गाडी ढकलतच परत आणावी लागली. दुकानदार बाहेर आले, दोघा-चौघांनी खांदा दिला. ताईने स्टिअरिंग धरलं होतं. मिस्त्री मागे होता. इंजिन बंद. टायरचा काय तो आवाज. इतकी गप्प ती गाडी कधीच चालली नव्हती. मिस्त्रीने ढकलता ढकलता कान मागच्या काचेला लावला. दोन्ही बाजूंना पाट्या हळूहळू सरकत होत्या. वाचायला भरपूर वेळ होता. आत कोणी बोललं नाही.

वर स्वयंपाकघरात ताई कप पुसत होती.

"ताई, टॅपेट मी जास्त आवळले होते. त्याने जळलं ते."

"मीच सांगितलं होतं ना तुला."

"तू सांगितलंस. मला माहीत होतं."

ती तोच कप पुसत राहिली. "म्हणजे ती टकटक चांगली होती?"

"चांगली होती."

"आणि मलाच नको होती." तिने कप पालथा घातला. मग पुन्हा सुलटा केला. "चहा घेतोस?"

"नको."

"घे रे. तुझ्याबरोबर मीही घेईन."

त्याने घेतला. साखर नव्हती. दोघांनीही कप रिकामे केले.

गाडी दारात उभी राहिली. ताई काही दिवस भाऊजींना खाली नेऊन नुसतंच सीटवर बसवायची. समोर कंपाउंडची भिंत. तिच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. एक दिवस भाऊजींनी जिन्याचा कठडा धरला आणि पाऊल उचललं नाही. त्यानंतर तिने आग्रह केला नाही.

गॅरेज चालू होतं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, आवाज फार करते. तुमच्या पद्धतीने जरा चिडीचूप करून द्या." मिस्त्रीने फिलर काढला, फट बघितली, बरोबर होती. झाकण लावून टाकलं. "आवाज आहे तसाच आहे की," गिऱ्हाईक कुरकुरलं. "नाव ऐकून आलो होतो." मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली शिरला.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. दार उघडंच होतं. भाऊजी पलंगावर, तोंड भिंतीकडे. कपाटावरचा कागद एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होता. ताई पलंगाच्या कडेला पुढे तोंड करून बसली होती. गाडीत बसते तशी. भाऊ आलेला तिने बघितला नाही. की बघितला.

"चपला," ती म्हणाली.

दुकान मागे पडायला जेवढा वेळ लागेल, तेवढी थांबली.

"किल्ल्या."

पुन्हा थांबली. या वेळी जास्त. पुढचा शब्द तिने भाऊजींसाठी ठेवून दिला होता. मिस्त्री उंबऱ्यावर एक पाय तसाच ठेवून उभा राहिला. भाऊजींचा डावा हात चादरीवर होता. त्याकडे तो बघत राहिला. खाली रस्त्यावरून कोणाची तरी गाडी गेली, टकटक करत, आणि लांब गेली.

"दंतवैद्य," ताईच म्हणाली.