डॉक्टर म्हणाले, मऊ खा

अक्कलदाढ म्हणे अक्कल आली की येते. मला ती पहिल्या बाळंतपणानंतर आली आणि तीही आडवी. लेक तीन महिन्यांची, पाळण्यात, आणि माझा एक गाल फुगून डोळ्याला टेकलेला. लवंग दाबून झाली, हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, शेजारणींचे सल्ले ऐकून कान किटले. शेवटी तोंड उघडेना, तेव्हा आमचे हे मला पालघरला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

हे तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं त्या दिवसांतलं. आमचे हे तिथे स्टोअरमध्ये कामाला होते आणि आम्ही जवळच्याच पाम गावात सासूबाईंजवळ राहत होतो. घरात आम्ही तिघं आणि ती एवढीशी पोर.

डॉक्टरांनी हिरडी कापली, दाढेचे तुकडे करून काढले आणि टाके घातले. दुखलं, पण खरं सांगते, मला दुखण्याची भीती नव्हतीच. मला भीती होती ती अंगावरच्या दुधाची. आधीचे चार दिवस मी धड जेवले नव्हते आणि लेक प्यायला घेतली की पूर्वीसारखी शांत होत नव्हती. वरचं दूध म्हणजे त्या काळी भरवशाचं काम नव्हे. आमच्याच आळीत एका बाईचं दूध गेलं, तिच्या मुलाला म्हशीचं दूध पाणी घालून पाजलं, त्याला हगवण लागली आणि महिन्याभरात पोर हातचं गेलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे खुर्चीत बसून तोंडात कापूस कोंबलेला असताना माझ्या मनात एकच चाललेलं होतं, की आता मी खाणार काय आणि ही पिणार काय.

नेमकं हेच आमच्या ह्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर बरंच काही बोलले असावेत. पण घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं तेव्हा ह्यांनी एवढंच सांगितलं की मऊ खायचं. आणखी काय म्हणाले? तर गाडीची वेळ होत आली होती, मऊ खा म्हणाले. धन्य आहे! तोंडात कापूस नसता तर मी त्यांना चांगलं ऐकवलं असतं.

झालं, घरात मऊ खाण्याचा सपाटा सुरू झाला. पहिल्या दिवशी कोमट पेज, वर तूप आणि मीठ. मग मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण. केळं कुस्करून दुधात कालवलेलं. माझं माहेर केळव्याचं, तिथून भावानं शहाळी पाठवली. पाणी मी प्यायले आणि आतली कोवळी मलई चमच्याच्या टोकानं ओठांच्या फटीतून आत सरकवली. पण तोंड बोटभरच उघडायचं. चार घास गेले की जबडा ठणकायचा आणि मी वाटी बाजूला सारायची. पाणी प्यायलासुद्धा नको वाटायचं.

सासूबाई माझ्या वाटीकडे बघत नसत, लेकीच्या दुपट्याकडे बघत. दुपटं उचलून हातात दाबायच्या, किती ओलं आहे ते चाचपायच्या आणि दोरीवर टाकायच्या. दुपटं कोरडं म्हणजे पोरीला दूध पुरत नाही, हे मलाही कळत होतं. लेक ओढायची, सोडायची, रडायची, परत ओढायची. मी तिला या अंगावरून त्या अंगाला घ्यायची आणि ती नुसती डोकं हलवत राहायची.

मग सासूबाईंनी अळीव काढले. बाळंतिणीला दूध यायला अळिवाचे लाडू देतात, ते मी आधी खाल्लेच होते. लाडू आता चावणार कोण? म्हणून त्यांनी अळीव भिजत घातले, फुगून बुळबुळीत झाल्यावर दुधात गूळ-खोबरं घालून शिजवले आणि खीर पुढ्यात ठेवली. मऊच हाय, चावायचं काय त्यात, नुसतं गिळायचं, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. पटायला काय झालं! इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी गोड, पोटभरीचं आणि सरळ घशाखाली उतरणारं मिळालं होतं. सकाळी वाटी, संध्याकाळी वाटी. लेक जरा शांत झाली असंही आम्हा दोघींना वाटलं. वाटलंच असेल नुसतं, कोण जाणे.

दोन दिवसांत दाढेच्या जागी असं दुखायला लागलं की कान, मान, अर्धं डोकं सगळं एक झालं. तोंडाला घाण वास सुटला. अंगात ताप भरला. आणि ताप चढला तसं दूध आणखी ओसरलं. आता गंमत बघा. दूध ओसरलं म्हणून सासूबाई आणखी खीर करायच्या, आणि लेकीसाठी म्हणून मी ती डोळे मिटून गिळायची. प्रत्येक वाटीबरोबर दुखणं वाढत होतं आणि आमच्या दोघींच्याही डोक्यात उजेड पडत नव्हता.

ह्यांनी रजा टाकली आणि मला परत पालघरला नेलं. लेकीला घेऊन सासूबाई घरी थांबल्या. गाडीत मला एकच ऐकू येत होतं, ते म्हणजे तिचं रडणं, आणि ती तर मैलांवर होती. डॉक्टरांनी पिचकारीनं जखमेत पाणी मारलं आणि खालच्या ताटलीत लालसर दाणे पडायला लागले. एक, मग तीन, मग मूठभर वाटावेत इतके. डॉक्टरांनी विचारलं हे काय आहे. मी दातांच्या फटीतून अळीव म्हटलं आणि मला रडूच कोसळलं. ते रागावले नाहीत. आधीच सांगितलं होतं म्हणाले, बी असलेलं काही नको, गरम नको. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टर पुढे म्हणाले, दूध येतं ते पोटभर खाण्यानं आणि पाण्यानं, तेव्हा भरपूर पाणी पी आणि लेकीला सोडू नकोस, पाजत राहा.

घरी आल्या आल्या मी सासूबाईंना धारेवर धरलं. ह्यांना का नाही धरलं, विचारू नका. सासूबाई समोर होत्या.

"तुमच्या अळिवानं मी मेले असते, आई."

त्या उठल्या, पदरानं हात पुसले आणि विचारलं, "दूद अजून कमी झालं काय?"

माझा संताप संताप झाला. मी मरायला टेकले आणि हिला दुधाची पडली आहे! मी कूस बदलून पडून राहिले आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्या मात्र दुसऱ्या दिवसापासून सगळं गाळायला लागल्या. नाचणी भिजवून, वाटून, जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळून तिचं सत्त्व काढलं आणि त्याची खीर केली. मुगाचं कढण केलं तेही गाळून. बाजारातून मुशी मासळी आणली. ती आमच्याकडे ओल्या बाळंतिणीला देतात, दुधाला चांगली म्हणून. तिला काटे नसतातच, तरी उकडून मऊ भातात कुस्करताना प्रत्येक घास बोटांनी चाचपून बघितला. खाणं झालं की पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायच्या आणि तो रिकामा होईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत.

पण दूध का असं बटण दाबल्यासारखं येतं? तिसऱ्या दिवशी दुपारपासून लेक रडायला लागली ती थांबेना. रडून आवाज बसला, नुसतं तोंड वासून राहायची. सासूबाई जाऊन वाटीभर शेळीचं दूध घेऊन आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या. वाटी त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. मला वाटलं होतं त्या जबरदस्तीनं पाजतील. त्या म्हणाल्या, "अजून एकदा घे तिला. एकदाच."

मी घेतलं. लेकीनं ओढलं, सोडलं, किंचाळली. परत ओढलं. मी श्वास धरून बसले होते. आणि मग तिच्या घशात गुटूक झालं. परत झालं. मग एकामागून एक, घाईघाईनं, ठसका लागेपर्यंत. मला छातीत पान्हा फुटल्याची कळ आली आणि मी रडत हसायला लागले.

सासूबाई खाली बसल्या, लेकीच्या तोंडापाशी कान नेला आणि तशाच वाकून राहिल्या. मान वर केली तेव्हा त्यांचा सगळा चेहरा ओला होता.

"ह्याच्या आदी मला एक मुलगी झाली होती," त्या म्हणाल्या. "मला दूदच उतरलं नाय." आमच्या ह्यांच्या आधी कुणी झालं होतं, हे त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. स्वतः ह्यांनाही ठाऊक नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"नाव ठेवीपरेंत कुठं जगली," त्या म्हणाल्या.