तीन हातांचा ठराव

नीलिमाचा फोन आला तेव्हा मी आमच्या शहराच्या सँडरिंगहॅम उपनगरातल्या किराणा दुकानात कोथिंबिरीची जुडी निवडत होतो. "दिलीप गेला, सुहास," एवढंच ती म्हणाली. मी जुडी टोपलीत ठेवली, रांगेत उभा राहिलो, पैसे दिले, दुकानदाराशी हवेबद्दल दोन शब्दही बोललो. गाडीत बसल्यावर तिला परत फोन लावला आणि विचारलं, "ऋताला कळवलंस?" ती म्हणाली, "मला नाही जमणार. तूच कळव." तिची आणि दिलीपची एकुलती एक मुलगी इथून तीन तासांवर टौरंगाला असते, आणि आपला बाप आजारी होता हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. ती कोथिंबीर मागच्या सीटवरच राहिली आणि वाळून गेली, एवढं मात्र आठवतं.

दिलीप पुण्यात एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. एकाच पक्षाची सत्ता असलेल्या साम्यवादी देशांचा कारभार कसा चालतो, हा त्याचा लाडका विषय. नीलिमाला इथे परदेशात आयटीत नोकरी लागली म्हणून तो पापाटोएटोला आला आणि एका शाळेची बस चालवू लागला. त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही, पण शिकवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. गॅरेजमधून त्याने गाडी बाहेर काढली आणि भिंतीवर पांढरा बोर्ड ठोकला. दर शनिवारी दुपारी तीन वाजता वर्ग. विद्यार्थी मी एकटाच, आणि चहा आणून ठेवता ठेवता टेकलीच तर नीलिमा. मी पुलांची कामं बघणारा इंजिनियर. "लोकशाहीत राहायला आलास आणि पॉलिटब्युरोचे वर्ग कसले घेतोस?" असं मी त्याला चिडवायचो. तो जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढून अनवाणी बोर्डापाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "मागच्या बाकावरची गडबड बंद."

बोर्डावर एक तक्ता कायम असायचा. डावीकडे पक्ष, उजवीकडे सरकार. उजवीकडे देशाची प्रतिनिधिसभा, मंत्रिमंडळ, खाली प्रांत, त्याखाली शहरं. आणि यातल्या प्रत्येक पायरीला डावीकडे तिची जोडीदार, पक्षाची समिती आणि तिचा सचिव. "महापौर फीत कापतो," दिलीप सांगायचा, "आणि महापौर कोण व्हायचा ते डावीकडे ठरतं." त्या डाव्या बाजूला पाच वर्षांनी भरणारं पक्षाचं महाअधिवेशन, त्यातून निवडलेली मध्यवर्ती समिती, तिच्यातून पॉलिटब्युरो, त्यातही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांची स्थायी समिती आणि टोकाला सरचिटणीस. मी एकदा म्हटलं, "म्हणजे खालचे वरच्यांना निवडतात. मग बिघडलं कुठे?" तो खूश झाला. "नियमात तसंच आहे. पण निवडायच्या नावांची यादी कुठून येते? वरून!" म्हणून त्याने खालून वर जाणारा बाण निळ्या तुटक रेघेचा काढला होता आणि वरून खाली येणारा लाल, जाडजूड. सगळ्यात खाली एक लांबट चौकट होती. तीत लिहिलं होतं, जनता.

त्याला त्या व्यवस्थेचं प्रेम नव्हतं. एखाद्याला जुनी घड्याळं उघडून बघायला आवडतं, तसं त्याचं होतं. पण त्यातला एक नियम त्याने आमच्या तिघांच्या आयुष्यात आणलाच... लोकशाही केंद्रवाद. निर्णय होईपर्यंत हवं तेवढं भांडा. एकदा झाला की बाहेर सगळ्यांचा एकच सूर, विरोध करणाऱ्याचासुद्धा. फिरायला कुठे जायचं, जेवायला काय मागवायचं, सगळ्यावर तीन हातांचं मतदान. हरलेल्याने पुन्हा हात वर करायचा आणि ठराव एकमताने मंजूर. भर पावसात तंबू ठोकून राहायला माझा कडाडून विरोध होता. पुढचे दोन दिवस ओल्या अंथरुणात बसून मी भेटेल त्याला ट्रिप किती झकास चाललीय ते सांगत होतो. हसून हसून नीलिमाच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

शेवटचं मतदान याच गॅरेजमध्ये झालं. दिलीपला स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांनी काही महिन्यांचा अंदाज दिला होता. टौरंगाला किवीफळांचा हंगाम ऐन भरात होता आणि ऋता फळं निवडून खोक्यांत भरायच्या पॅकहाउसमध्ये पहिल्यांदाच शिफ्टची मॅनेजर झाली होती. त्या जागेसाठी तिने चार हंगाम सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून फळं निवडली होती. "आत्ता कळलं तर सगळं टाकून इथे येऊन बसेल," दिलीप म्हणाला. "हंगाम संपू दे, मग सांगू." मी म्हटलं, "अरे, तिचा बाप आहेस तू. तिला आजच सांगायला हवं." आम्ही तासभर भांडलो. मग त्याने हात वर केला. नीलिमाने त्याच्याकडे बघितलं आणि तिचाही हात हळूहळू वर गेला. विरोधात मी एकटा. दिलीप खुर्चीत दमून बसला होता, तरी हसला. "चला, आता एकमताने."

आणि मी हात वर केला.

पुढच्याच आठवड्यात ऋताचा मला फोन आला. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र अर्धंअधिक इंग्रजीत. "काका, बाबा साउंड्स टायर्ड. इज ही ओके?" मी म्हटलं, "अगं, सर्दी झालीय त्याला. तुझं काम कसं चाललंय?" ती म्हणाली, "हीप्स बिझी, पण स्वीट ऍज." म्हणजे इथल्या बोलीत, काम ढीगभर, पण मजेत. आणखी दोनदा तिने विचारलं, दोनदा मी तेच सांगितलं. माझा आवाज एकदाही अडखळला नाही. हंगाम संपायच्या आत दिलीप संपला.

तिला फोन मीच केला. ती तीन तास एकटी गाडी चालवत आली, दारात बूट काढले आणि आत जाऊन त्याच्या देहाजवळ बसली. पुढे इथल्या मराठी मंडळाच्या सभेत शोकप्रस्ताव आला. "सर्वांना मान्य?" असं अध्यक्षांनी विचारल्यावर सगळे हात वर गेले. माझा हात मांडीवरून उचललाच जाईना. शेजारचा माझ्याकडे चमकून बघत राहिला.

गेल्या शनिवारी ऋता बापाचे कपडे आवरायला आली होती. तीन वाजता मी सवयीने गॅरेजमध्ये गेलो, तर ती बोर्डासमोर उभी. "एक्स्प्लेन इट टू मी," म्हणाली. मी डावी बाजू सांगितली, उजवी सांगितली, लाल बाण, तुटक बाण. मग तिने विचारलं, "मला सांगायचं नाही, हे कोणी ठरवलं? आई सेज एव्हरीवन अग्रीड."

"मी आधी विरोधात होतो," मी म्हटलं. "मग हात वर केला."

"दॅट्स वर्स, काका."

"हो," मी म्हटलं.

मी डस्टर उचललं, तर तिने माझा हात धरला. "डोन्ट. बाबांचं अक्षर आहे." मग खालच्या फळीवरचा मार्कर माझ्या हातात दिला. "पुट मी इन. तुम्ही सगळे ठरवत होता तेव्हा मी कुठे होते, ते लिहा." मी बोर्डाजवळ गेलो. दिलीपच्या जांडल्स अजून तिथेच भिंतीला लागून होत्या. सगळ्यात खालच्या, 'जनता' लिहिलेल्या लांबट चौकटीपाशी मार्कर नेला, पण तिच्या देखत तिथे तिचं नाव लिहायला मला धीर झाला नाही. ती मागे उभी राहून वाट बघत होती.