चौथीच्या हातात चाकू

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळेच डाएटबाई म्हणत. बिनमिठाचं, बिनतेलाचं, गाळून पातळ केलेलं जेवण तीनशे रुग्णांना वेळच्या वेळी पोचवायचं, हे त्यांचं काम. कुणाच्या ताटात काय जाता कामा नये, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण निवृत्त झाल्या आणि चार दिवसांत घर त्यांना खायला उठलं. लेकीचा फ्रीज त्यांनी आवरला, मसाल्याचे डबे लावले, पुन्हा फ्रीज आवरला.

"आई, तिसऱ्यांदा लावतेयस तो," लेक म्हणाली. "कुठेतरी जा बाई, माझं दही सापडेनासं झालंय!"

जायला जागा मिळाली ती रस्त्यापलीकडच्या शाळेत. तिथल्या मुख्याध्यापिका मेटाकुटीला आल्या होत्या. पोरं डब्यातली भाजी सरळ कचऱ्यात ओतत. "चौथीच्या वर्गाला पौष्टिक आहारावर अर्धा तास बोला," त्यांनी गळ घातली.

डाएटबाई तक्ता घेऊन गेल्या, जीवनसत्त्वांवर बोलल्या. दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावर एकाची मान पडली. विसाव्या मिनिटाला खुद्द डाएटबाईंनाच जांभई आली. तेव्हा पहिल्या बाकावरची एक काटकुळी मुलगी उठली. चिमणीएवढं खायची म्हणून तिला सगळे चिमणीच म्हणत.

"बाई, तुम्हाला हे सगळं करता येतं ना?"

"येतं की."

"मग नुसतं सांगताय कशाला?"

डाएटबाईंनी तक्ता गुंडाळला आणि तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. "मला सहा चाकू, एक शेगडी आणि विज्ञानाची प्रयोगशाळा हवी."

"चौथीच्या हातात चाकू? पालक मला उभी चिरतील!"

"आधी तुम्हीच चिरून बघा," डाएटबाईंनी पिशवीतून तीन काकड्या काढल्या.

मुख्याध्यापिका काकडी अशी धरून बसल्या, जणू ती उडी मारून पळणार आहे. डाएटबाई सांगू लागल्या, "बोटं आत वळवा, मांजर नखं आत घेतं तशी. सुरीचं टोक पाटावरून उचलायचं नाही. घाई कुणाच्या बापाची नाही." पाच मिनिटांत तीन काकड्या चिरून झाल्या. "आणखी आहे का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. परवानगी तिथेच मिळाली.

दर गुरुवारी वर्ग सुरू झाला आणि प्रयोगशाळेचा नूरच पालटला. एका वेळी सहा मुलं चिरायला, सहा धुवायला, सहा निवडायला. नियम एकच होता: जो हात लावेल, त्याने चाखायचं. नाही आवडलं तर थुंका, पण 'छान' आणि 'शी' हे दोन शब्द बंद. कसं लागतं ते नीट सांगायचं. इस्पितळात त्या एकतीस वर्षं 'जेवण कसं होतं?' विचारत आल्या होत्या, आणि रुग्ण 'बरं आहे' म्हणून ताट तसंच परत पाठवत. असल्या काहीच न सांगणाऱ्या शब्दांचा त्यांना मनस्वी राग होता.

"मुळा नाकात चावतो!"

"पालक ओल्या खडूसारखा लागतो!"

"ओला खडू तू खाल्लास कधी?" डाएटबाईंनी विचारलं. वर्ग खो-खो हसला. मग त्याच पालकात त्यांनी डाळ घातली, लसूण परतून घातला, लिंबू पिळलं. खडूवाल्याने तीन वाट्या रिचवल्या आणि म्हणाला, "आता खडू गेला."

चिमणीचे आजोबा कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर लोखंडाचे सुटे भाग कातलेले. आजी गेल्यापासून त्यांचा संसार बिस्किटांवर चालला होता. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी बिस्किट-चहा. साखर वाढली, डॉक्टर ओरडले, सूनबाईंनी कामावर जाताना डबा भरून ठेवला, पण आजोबा तो उघडेनात. एका गुरुवारी चिमणीने त्यांना बोटाला धरून वर्गात आणलं.

"बाई, माझे आजोबा अगदी ढ आहेत. त्यांना पहिल्यापासून शिकवा."

आजोबांचे कान लाल झाले. "मी हिला नुसता सोडायला आलोय."

"हात धुवा," डाएटबाई म्हणाल्या.

एकतीस वर्षं ज्या आवाजापुढे डॉक्टरांची टाप नव्हती, त्यापुढे लेथवाले काय करणार? त्यांनी हात धुतले. गाजर हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि अशा चकत्या पाडल्या की एकही दुसरीपेक्षा केसभर जाड नाही. पोरं भोवती गोळा झाली. "आजोबा, कसं जमलं?" आजोबा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. "माप, बाळांनो, माप!" त्या दिवशी आपल्या हातचं गाजर-डाळीचं सूप त्यांनी उभ्याउभ्याच संपवलं. मग डाएटबाईंजवळ येऊन हळूच विचारलं, "दुपारी घरी एकट्यापुरती डाळ किती घ्यायची?"

"मूठभर."

"कुणाची मूठ?" लेथवाल्यांनी वहीच काढली.

सत्र संपताना पालकांना जेवायला बोलवायचं ठरलं. साठ पानं, सगळा स्वयंपाक मुलांचा. आणि नेमकं त्याच सकाळी डाएटबाईंचा पाय ओल्या पायरीवरून घसरला. उजवं मनगट मोडलं. दहा वाजता त्या प्लास्टर घालून, हात गळ्यात अडकवून शाळेत हजर झाल्या.

"रद्द करूया," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

चिमणी पुढे आली. "बाई, तुमचं तोंड तर ठीक आहे ना?"

"आहे."

"मग तुम्ही फक्त चाखा."

डाएटबाई उंच स्टुलावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचा स्वयंपाक बघत बसायची पाळी! डावा हात सारखा शिवशिवत होता. पोरं मात्र मधमाश्यांसारखी कामाला लागली. सालं सोलली जात होती, भांडी खणखणत होती, "सरक, गरम आहे!" अशा आरोळ्या उठत होत्या. साडेअकराला डाएटबाईंच्या नाकाला वास लागला. डाळ तळाशी करपत होती! त्या उठणार, ओरडणार, तोच चिमणीचा आवाज आला. "थांबा! ढवळू नका! खालचं खरवडू नका!" आजोबांनी फडकी घेऊन पातेलं अलगद उचललं आणि वरची डाळ दुसऱ्या पातेल्यात ओतली. चिमणीने डाव डाएटबाईंच्या तोंडाशी नेला.

"करपट लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण कमी पडेल."

खरंच कमी पडली असती, कारण साठांऐवजी त्र्याऐंशी माणसं आली. खडूवाल्याने कुणाला न विचारता बटाटे सोलायला घेतले. आजोबांनी पाहता पाहता टोमॅटोंचा ढीग चिरून टाकला. डाळीत भाज्या पडत गेल्या, पातेलं पुन्हा काठोकाठ भरलं.

वाढायला मुलंच होती, आणि ती पालकांना सोडेनात. "कसं लागतंय?"

"छान गं," एक आई म्हणाली.

"चालणार नाही! नीट सांगा!"

बिचारीने पुन्हा घास घेतला, डोळे मिटले. "आधी गोडसर... मग लिंबू... आणि शेवटी जरा लसूण राहतो जिभेवर." पोरांनी टाळ्या पिटल्या. पलीकडे एक बसचालक बाबा वाटी पुढे करून म्हणाले, "हे माझ्या पोराने केलंय? घरी तो पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाही!" आणि जाताना दाराशी थांबून विचारू लागले, "मोठ्यांसाठी वर्ग नाही का?"

मुख्याध्यापिकांनी फळ्याच्या कडेला एक कागद चिकटवला. संध्याकाळपर्यंत त्यावर बावीस नावं आली. मास्तर म्हणून आजोबांनी स्वतःचं नाव टाकलं, पण चिमणीने त्यापुढे कंसात 'मदतनीस' असं लिहिलं.

घरी पोचल्यावर लेक धावत आली. "किती दुखतंय गं?"

"कागद-पेन आण आधी," डाएटबाई म्हणाल्या. "गुरुवारचं सामान सांगते. लिही, भोपळा. मोठी माणसं भोपळ्याला नाकं मुरडतात, तिथूनच सुरुवात करते!"