छायाच्या खोलीतला कॉम्प्युटर

“आधी मशीनचा डबा उघडून पाहाचा असते, मंग कार्ड घ्याचं असते! आता हे काय देवघरात ठेवतं?” कैलास बायकोवर ओरडला.

“देवघरात काऊन? तुमच्या दुकानात ठेवा. साड्यांच्या घड्यांवर शोभून दिसन,” छाया तडकली.

उघड्या कॉम्प्युटरपुढे उकिडवा बसलेला मेकॅनिक नीलेश वाटीत स्क्रू टाकत होता. नवरा-बायकोच्या मध्ये पडायचं नाही, एवढं तो हिंगणघाटातल्या घराघरांत फिरून शिकला होता.

“वहिनी, ग्राफिक्सचं कार्ड चांगलं आहे,” तो शेवटी म्हणाला. “पण ह्या बोर्डावर त्याची खाचच नाई. हे नव्या मशीनचं.”

नागपूरच्या दुकानदाराने कार्ड देताना दोनदा विचारलं होतं, मशीन कोणतं आहे म्हणून. छायाने उत्तराऐवजी पर्समधली चिठ्ठी पुढे केली होती. माडीवर धाकटी जाऊ ज्योत्स्ना राहायची. तिच्या नव्या कॉम्प्युटरच्या खोक्यावरून, धुणं वाळत घालायच्या निमित्ताने जाऊन, छायाने कार्डाचं नाव उतरवून आणलं होतं. वर आहे तेच तिला हवं होतं. शिवणाच्या पैशांत नवं मशीन येण्यासारखं नव्हतं. हे कार्ड आणि एक जुनी रॅम, तेवढंच आलं.

जाम गावाकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या छायाला या घरात आपलं म्हणावं असं फार काही मिळालं नव्हतं. दुकानात नुसता पडून असलेला कॉम्प्युटर घरी आला आणि दुसरीकडे जागा नाही म्हणून तिच्या खोलीत ठेवला गेला. ती त्यावर पत्ते खेळायला शिकली, मग तिने सासूला शिकवलं. विमलाबाईंना असा नाद लागला की जेवणं आटोपली, की चष्मा पुसत त्या छायाच्या खोलीत येत आणि चार वाजेपर्यंत हलत नसत. सहा वर्षं दुपारची सासू तिच्या वाट्याची होती, आणि शेजारपाजारी ते सांगायला छाया विसरत नसे.

मागच्या दिवाळीत ज्योत्स्नाचं मशीन आलं. त्यावर रंगीत गोट्या फोडायचा खेळ होता. छायाने तोच खेळ आपल्या मशीनवर टाकून घेतला, तर गोट्या अडखळत चालत आणि पाच मिनिटांत पडदा थिजे. गुडघ्यांमुळे कधी गच्चीवर न जाणाऱ्या विमलाबाई आता कठडा धरून रोज माडी चढू लागल्या. डोक्यावर त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला की छाया छताकडे बघे. वर हसू फुटलं की खाली भांडी आपटत.

नीलेशने पंख्यातून कापसाच्या तंतूंचा बोटभर पेळू ओढून काढला.

“कापसाच्या जिनिंग मिलच्या बाजूले घर तुमचं. हे सारं इथं जमा होऊन राह्यलं. याच्यानंच मशीन तापते.”

पंखा साफ झाला, रॅम बसली. गोट्या सरसर धावू लागल्या.

“गोट्यांसाठी कार्ड लागतच नाई, वहिनी. वापस होते का पाहतो,” म्हणून तो गेला.

छायाने जिन्याच्या तळाशी उभं राहून हाक मारली. “आईऽ, खाली या! आपलं मशीन चालून राह्यलं!”

विमलाबाई उतरल्या. एक डाव खेळल्या, जिंकल्याही, आणि उठल्या.

“काऊन उठल्या? वरच्यापरीस चांगलं चालते.”

“चालते वं. पण ज्योत्स्ना जवळ बसते. ‘आई, लाल मारा, पिवळी सोडा’ करते. मी हरली त कपाळ बडवून घेते. तू मले इथं बसवून देते अन् तिकडं तोंड करून भाजी निवडत राहते. सहा वर्सं तुह्या पाठीसंगं खेळली मी.”

त्या पुन्हा कठडा धरून माडी चढल्या. छाया त्यांचं एकेक पाऊल ऐकत राहिली.

संध्याकाळी सगळे पानांवर बसले. ज्योत्स्ना वाढत होती. छायाने पोळ्यांची टोपली खाली ठेवली.

“उद्यापासून दुपारची भाजी ज्योत्स्ना निवडन,” ती म्हणाली. “मी आईंजवळ बसणार आहे.”